तिसरा घाव

खिडकीला नवी काच बसवायची असली की जुनी फोडण्याआधी मी तिच्यावर खळ लावून वर्तमानपत्र चिकटवतो, म्हणजे तुकडे उडत नाहीत. मग हातोडीने दोनदा हलकेच ठोकतो. तिसरा घाव मात्र सगळा जोर लावून.

त्या दुपारी घरमालक माझ्या मागेच उभे होते. शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले मास्तर.

"खिडकीला गवाक्ष म्हणतात. म्हणजे गाईचा डोळा," ते म्हणाले. "घराचा डोळाच तो. फोडू नका, चौकटीतून अख्खी काढा."

"तासभर उकरत कोण बसणार, मास्तर? तुमच्या गाईला माझा नमस्कार सांगा." मी हसून दोनदा ठोकलं. टक, टक.

तिसरा घाव बसला, पण काच खळकन फुटली नाही. मांसात रुतावी तशी हातोडी आत रुतली. कागदाच्या मधोमध लाल डाग उमटला आणि पसरत गेला. शेजारची खिडकी थरथरली.

भीतीच्या आधी मला राग आला. काच माझं ऐकत नाही म्हणजे काय! मी पुन्हा घाव घातला. पुन्हा. पुन्हा. गरम, चिकट रक्त माझ्या कोपरापर्यंत ओघळलं.

"अहो, बस्स करा!" मास्तर किंचाळले.

मी वळलो, तर ते मला अर्धेच दिसले. मी डाव्या डोळ्याकडे हात नेला. माझ्या डोळ्यावर ओला कागद चिकटवलेला होता. खळीचा वास येत होता.

त्या कागदावर कुणीतरी हलकेच ठोकलं.

दोनदा.