नळ्यांची ऑर्डर

“तुमचे भाऊ राजवीर कुठं असतात हल्ली?” प्रियदर्शनी मॅडमनी विचारलं. धैर्यशीलच्या हातातली बशी जराही हलली नाही.

“गेला तो,” तो म्हणाला. “मस्कतला. मागच्या वर्षी. इमारतीच्या परांचीवरनं पडला.”

मॅडमनी उचललेला कप पुन्हा खाली ठेवला. आतून धैर्यशीलची आई, चिमणाबाई, भडंगाची ताटली घेऊन आली आणि ती मॅडमच्या पुढ्यात सरकवून भिंतीला टेकून बसली.

मॅडम दिल्लीच्या एका संस्थेत होत्या. अण्वस्त्रं आणखी कुणाच्या हाती जाऊ नयेत म्हणून सरकारांनी काय नियम करावेत, कुठल्या मालावर नजर ठेवावी, याचा अभ्यास ती संस्था करायची. तीन वर्षांपूर्वी शिरोली एमआयडीसीतल्या कारखानदारांपुढं त्या बोलायला आल्या होत्या. निम्मे लोक नंतरच्या जेवणासाठी थांबले होते. धैर्यशील मात्र कान देऊन ऐकत होता.

“बॉम्ब कुणी एका छपराखाली बनवत नाही,” मॅडम म्हणाल्या होत्या. “त्याच्यासाठी लागणारे सुटे भाग कुठल्यातरी लहानशा शेडमध्ये तयार होतात आणि बनवणाऱ्याला ते पंपाचे वाटतात.”

पुढं दोनेक महिन्यांनी ती ऑर्डर आली. आखातातली एक व्यापारी कंपनी. दुधातली साय काढायच्या यंत्रांसाठी पातळ पोलादी नळ्या हव्या होत्या. दर चांगला, घासाघीस काहीच नाही. तेव्हा दोघा भावांच्या शेडमधले निम्मे लेथ बंद पडले होते, कारण पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकानं काम काढून घेतलं होतं. राजवीर ड्रॉइंग नाचवतच आला.

“दादा, देव पावला की!”

धैर्यशीलनं ड्रॉइंग दोनदा पाहिलं. डेअरीची कामं त्यानं पूर्वी केली होती. इतकं महागाचं पोलाद दुधासाठी कुणी वापरत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं, आणि मॅडमचं ते सुट्या भागांचं बोलणं डोक्यात होतं. कुठल्या डेअरीला नळ्या जाणार, असं त्यानं कंपनीला विचारलं. ते सांगता येणार नाही, असं उत्तर आलं. त्यानं काम नाकारलं.

“खुळा झालायस काय तू?” राजवीर शेडमध्ये सगळ्यांदेखत ओरडला. “आपण न्हाय केलं तर दुसरा कोन तर करंल!”

“करू दे. आपल्या हातनं न्हाय.”

मग धैर्यशीलनं मॅडमच्या संस्थेला सगळं कळवलं. ‘आपण योग्य तेच केलंत,’ असं उत्तर आलं. ‘विषय नाजूक आहे. कृपया कुठं बोलू नये.’

आईपलीकडं तो कुणाशी बोलला नाही. आकाराम, त्याच्याकडचा सगळ्यात जुना टर्नर, एकदा समोर येऊन उभा राहिला. “मालक, आलेलं काम तुमी परत लावलं म्हनं?” धैर्यशील नुसता त्याच्याकडं बघत राहिला. त्याच महिन्यात आकाराम काम सोडून गगनबावड्याकडं गावी निघून गेला. एकेक करत बाकीचेही गेले. लेथ विकले, शेड पशुखाद्याच्या गोदामाला दिली. राजवीर मस्कतला नोकरीला गेला, तो थोरल्या भावाशी न बोलताच.

मस्कतहून फोन आला तेव्हा धैर्यशील दुसऱ्याच्या फौंड्रीत साच्यांवर देखरेख करत होता. “बरं,” म्हणून त्यानं फोन खिशात टाकला आणि पाळी पुरी केली. तेव्हापासून तो असाच होता. ताट पुढं आलं की जेवायचा. दिवा मालवला की पडायचा. भावाची शवपेटी विमानतळावरून आणतानाही गाडीत त्यानं ड्रायव्हरला फक्त रस्ता सांगितला होता.

“तुमच्या नकाराचा फार उपयोग झाला,” मॅडम आता सांगत होत्या. “लहान कारखानदारांसाठी नवे नियम येतायत. शंका आली की विचारायला एक फोन नंबर असेल. आमच्या अहवालामुळंच.”

“चांगलं झालं,” धैर्यशील म्हणाला.

“आमचं काम संपलं. म्हणून समक्ष भेटून सगळं सांगायला आले होते. पण राजवीरचं मला ठाऊक नव्हतं. मी… मी पुन्हा कधीतरी येईन.”

त्या उठल्या. चिमणाबाईनं हात धरून त्यांना खाली बसवलं.

“बसा की. एवढ्या लांबनं आलायसा. मला एक सांगा, बाई. माझं धाकटं पोर गेलं. थोरलं हे असं धोंड्यावानी बसून असतंय. पर मी रोज मनाला सांगते. त्या नळ्या गेल्या असत्या तर कुठं कुठं गावंच्या गावं जळाली असती. आपलं एक गेलं, पर ती सगळी लेकरं वाचली. व्हय न्हवं?”

मॅडमनी मान खाली घातली.

धैर्यशीलनं बशी बाजूला ठेवली. कितीतरी महिन्यांनी त्यानं कुणाच्या तरी डोळ्यांत नीट पाहिलं.

“सापडला असंलच की तो ऑर्डरवाला,” तो म्हणाला. “नाव तरी सांगा त्याचं. कुणासाठी पाहिजे होत्या त्याला नळ्या?”

“मला आता जाऊ द्या.”

“सांगा, मॅडम. तेवढं कळलं म्हणजे बास.”

मॅडमनी दाराकडं पाहिलं. मग चिमणाबाईच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेत त्या म्हणाल्या, “कुणालाच नको होत्या. ती ऑर्डर आमच्या संस्थेनंच पाठवली होती, कितीजण नाही म्हणतात ते बघायला.”