चितेसाठी राखलेला साग

सागवनातलं सर्वांत जाड झाड तान्हाबाईंनी स्वतःच्या चितेसाठी राखलं होतं. धाकट्या जावेची चिता बाभळीची होती. आपण सागावर जाणार, हा त्यांचा तोरा.

वनशास्त्र शिकणाऱ्या नातीनं बुंध्याला टेप गुंडाळली. "आजी, तुझ्या सागानं हवेतला कार्बन खोडात आणि मातीत दडवलाय. जाळलास तर तासाभरात धूर. झोपाळा केलास तर पणतवंडांपर्यंत टिकेल."

"म्हणजे मेल्यावरही मी गावाला खोकला लावणार होते म्हण की."

पायाखालचा पाला मातीतच कुजावा म्हणून त्यांनी तो कधी कुणाला जाळू दिला नव्हता. मग झाड कसं जाळायचं?

"झोपाळाच करा. मुळं मातीत राहू देत. मला वाळकी बाभूळ पुरे."

"वर धाकटी आजी हसली तर?"

"विचारीन तिला, तुझ्या नावानं खाली कुणी झोके घेतंय का."