मेसर्स पूर्णचंद्र गजानन ॲण्ड कंपनी

इंदूने पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सर, मले इंटरव्ह्यूले बोलावलं."

खोडे सरांनी पाकिटावर छापलेलं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. मेसर्स पूर्णचंद्र गजानन ॲण्ड कंपनी, दुसरा माळा, टिळक पुतळ्याजवळ, महाल, नागपूर.

"हे तुला कसं आलं?"

"तुमीच तं अर्ज शिकवला ना सर. माहा एक चांगला टाइप झाला होता, तो मी पोस्टात टाकला." ती जरा घाबरली. "बाकीच्या पोरींनं फाडून फेकले. मले फाडवलं नाही."

मागे दहा मशीनं खडखडत होती. पांढुर्ण्याच्या त्या शाळेत वाणिज्य शाखेला टायपिंग सुरू होऊन अकरा वर्षं झाली होती आणि अकराही वर्षं खोडे सर नोकरीचा तोच इंग्रजी अर्ज टाइप करून घेत होते. पुस्तकातल्या अर्जात कलकत्त्याची कंपनी होती. ती पोरांना फार लांबची वाटायची, बोटं मरगळायची. म्हणून सरांनी पहिल्याच वर्षी जवळची एक कंपनी मनानेच तयार केली. पूर्णचंद्र हे त्यांच्या मामाचं नाव, गजानन मामाच्या शेजाऱ्याचं. महालात ते एकदा लग्नाला गेले होते, म्हणून पत्ता तिथला. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी पत्र उघडलं. समास सरळ, कुठे खोडाखोड नाही. सोमवारी अकरा वाजता यावे. खाली व्यवस्थापकाची न लागणारी सही.

"घरी सांगितलं?"

"हाव. बाबा म्हणते, नोकरी लागली तं लग्नाचं दोन वर्षं पाहत नाही. नाही तं सौसरचं स्थळ हाय, अखजीच्या मुहूर्ताले उरकून टाकू." इंदूने आवाज खाली आणला. "सर, कंपनी मोठी हाय का?"

"बघू," एवढंच सर म्हणाले.

नसलेल्या कंपनीच्या नावाने कोण पत्रं पाठवत होतं? कोणाची तरी मस्करी म्हणावी, तर पाकीट छापलेलं होतं. शहरात पोरींना नोकरीच्या नावाने बोलावून फसवतात, हे सरांनी पेपरात वाचलं होतं. आणि इथे तर पत्ता त्यांनीच दिला होता.

रविवारी ते इंदूच्या गावी, तिगावला गेले. सगळं खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेले. इंदूचे वडील पुंडलिकराव संत्र्याच्या बागेत होते. त्यांनी सरांच्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं.

"बरं झालं आले. सोमवारी तुमीच संगं जा तिच्या. तुमच्याच भरोशावर पोरगी धाडून राहिलो, सर."

सरांनी संत्रं खाल्लं आणि "जातो" म्हणाले.

सोमवारी पॅसेंजरमध्ये इंदू खिडकीशी बसली होती. मांडीवर बोटं सारखी हलत होती. ती मशीनशिवायच सराव करत होती. नरखेड गेलं तसा सरांनी घसा खाकरला.

"इंदू, ती कंपनी..."

"काय सर?"

"तिथं कशावर सही करायची असली, तर आधी मला दाखव."

टिळक पुतळ्याजवळ रिक्षातून उतरताना, तिथे काहीच नसावं, असं सरांना मनापासून वाटत होतं. हात हलवत परत जाता आलं असतं. पण समोरच्या इमारतीवर बोर्ड होता. निळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, त्यांच्या मामाचं नाव आणि शेजाऱ्याचं.

सर आधी जिना चढले. वर सहा मशीनं होती, त्यांवर सहा पोरी. कोपऱ्यातल्या टेबलाशी तिशीच्या आतली एक चष्मेवाली बाई. तिने सरांकडे पाहिलं आणि पटकन नजर कागदांत घातली.

"तुम्ही इंदू ना? बसा. मी सांगते ते टाइप करा."

आणि तिने अर्ज सांगायला सुरुवात केली. हातात कागद नव्हता. तोच अर्ज, शब्दाला शब्द. सर वर्गात जिथे थांबत, तिथेच ती थांबत होती.

बाईने मशीनमधून कागद ओढला, खिडकीच्या उजेडात धरला. "छान. परीक्षा झाल्यावर कधी येता?"

"थांबा," सर म्हणाले. "मला मालकांना भेटायचंय."

"कोणाला?"

"पूर्णचंद्र गजाननला. भेटवून दाखवा. असा माणूसच नाही! हे नाव मी मनानं केलंय, वर्गात शिकवायसाठी." ते इंदूकडे वळले. "पोरी, तुला आधीच सांगायला पाहिजे होतं. अशी कंपनी नाही. कधीच नव्हती."

इंदूचा चेहरा उतरला. सगळी मशीनं थांबली.

बाईने चष्मा काढला, उठली आणि सरांच्या पाया पडली. "ओळखलं नाही ना? जिनिंगमधल्या हिरामणची वत्सला. शहात्तरची बॅच."

"वत्सला? तू इथं नोकरीला?"

"मीबी अर्ज टाकला होता सर. तीन महिने उत्तर नाही आलं, तं स्वतःच पाहाले आली. सारा महाल पालथा घातला. या माळ्यावर एक रिकामी खोली होती अन् भाड्याच्या मशीनवर कोर्टाचे कागद टाइप करणारा एक म्हातारा. त्याच्याच हाताखाली बसली." ती इंदूकडे पाहून हसली. "नऊ वर्षांत पांढुर्ण्याहून आलेला हा पहिलाच अर्ज."

"पण मग हा बोर्ड?"

"निघताना साऱ्या मोहल्ल्यात सांगून आली होती, सरांच्या कंपनीत चालली म्हणून," वत्सला म्हणाली. "इथं कंपनीच नव्हती, तं काय करू, सर? मीच काढली."