वाकडी टोपली

सासूबाईंचं डोकं सकाळपासून तापलं होतं. जत्रेतलं गिऱ्हाईक टोपली उचलायचं, विणीवरून बोट फिरवायचं, खाली ठेवायचं. "एवढी सरळ? मशीनवरची दिसतेय!" चाळीस वर्षं बांबूच्या कामट्यांनी बोटं सोलून घेतली, ती काय उगाच? तेवढ्यात एका बाईची नजर मागच्या टोपलीवर गेली. सुनेनं विणलेली पहिली टोपली. तोंड वाकडं, बूड डुगडुगतं. सासूबाई तिच्यात सुऱ्या ठेवायच्या. "ही खरी हातची! हीच द्या." सुनेनं सुऱ्या काढून टोपली दिलीसुद्धा. सासूबाईंनी कामट्यांचा भारा तिच्यापुढे आपटला. "घे, वीण अशाच वाकड्या! जगाला तेच हवंय." सुनेनं चार फेरे विणले, उकलले, पुन्हा विणले. टोपली सरळच येत होती. "वाकडी म्हटलं ना!" सासूबाई कडाडल्या. सुनेनं हात टेकले. "नाही जमत, आई. जरा वाकडं गेलं की तुमचा ओरडा ऐकू येतो."