रुआबांध्यातली केस

सुरतेत प्लेग निघाला आणि इकडे भिलाईत, सेक्टर दहामध्ये, भाऊरावांनी बायकोचं बसनं फिरणं बंद केलं.

"बसमध्ये कोण कुठून येऊन बसते, काय भरवसा! तुले मी सायकल शिकवतो," ते म्हणाले. बाईमाणसानं सायकल चालवू नये, हे लग्नानंतरची बावीस वर्षं त्यांचंच मत होतं.

कमलिनीबाई चार दिवसांत शिकल्या. पाचव्या दिवशी पदर खोचून बाजारातून भाजी घेऊन आल्या. सहाव्या दिवशी भाजी नको होती, तरी गेल्या.

महिन्याभरात रेडिओनं प्लेग संपल्याचं सांगितलं.

"झालं! आता सायकल विकून टाकू," भाऊराव म्हणाले.

दोनच दिवसांनी ते स्टील प्लांटमधून धापा टाकत घरी आले. "कमल, बाजूच्या रुआबांध्यात प्लेगची केस निघाली म्हणे! बसमध्ये पाय ठेवू नको. सायकल राहू दे."

"अगंबाई!" म्हणत कमलिनीबाई मागच्या दारानं शेजारच्या शीलाकडे पळाल्या.

"शीला, मी काल सोडलेली बातमी प्लांटपर्यंत पोचली ना वो! एका दिवसात! बसनं सांगत फिरली असती, तर आठवडा लागला असता मले."