पात्यावरची बोटं

"प्लग काढलास ना?" दादानं विचारलं.

"काढला."

"नक्की?"

"दादा, तिसऱ्यांदा विचारतोयस!"

दादा हसला आणि नव्या मशीनच्या पात्यावर त्यानं बोटं ठेवली. तो मुरलेला सुतार. नऊ वर्षांपूर्वी त्याची नजर गेली. टेबलातून वर आलेली ही गोल करवत धाकट्या बहिणीची, तिची पहिलीच. पातं टेबलावरच्या खाचेला समांतर नसलं तर लाकूड अडकतं आणि अंगावर उडतं. म्हणून सुरू करण्याआधी ते तो स्वतः लावून देणार होता, कानानं.

खाचेत त्यानं फळीचा तुकडा बसवला होता, तुकड्याला एक स्क्रू. पात्याचा एक दात त्या स्क्रूला घासला. टक. तोच दात फिरवून त्यानं मागे नेला, तुकडाही मागे सरकवला. आवाज नाही.

"मागं केसभर लांब गेलंय. पाना दे गं."

पाना मशीनखाली पडला होता. ती वाकली. पायाशी काळी वायर होती. सहज तिची नजर वायरीवरून भिंतीपर्यंत गेली. मशीनचा प्लग बोर्डात जागच्या जागी होता. खाली लोंबत होता तो भुसा ओढणाऱ्या व्हॅक्युमचा.

मागचा दात चाचपायला दादा टेबलावर ओणवा झाला होता. मशीन सुरू करायचं हिरवं बटण त्याच्या पोटापासून चार बोटांवर. ओरडलं तर तो दचकणार. दचकला तर पुढे झुकणार.

"सापडला का?"

"सापडतोय." आवाज नेहमीसारखा कसा निघाला, तिलाच कळलं नाही. चपला काढून ती भिंतीकडे गेली. पाच पावलं. तिनं बोर्डावरचं बटण बंद केलं, प्लग ओढला.

बटण वाजलंच. पात्यावरची बोटं थांबली.

"आत्ता काय काढलंस?"

"मशीनचा प्लग."

"आणि मघाशी?"

"व्हॅक्युमचा. दादा, मी…"

त्यानं एकेक हात अलगद मागे घेतला, शर्टाला पुसला. मग तळहात पुढे केला.

"आण इकडे."

तिनं वायर ओढून प्लग त्याच्या हातात दिला. तिन्ही पिना चाचपून त्यानं तो शर्टाच्या खिशात टाकला.

"पाना."

पुढचा तासभर दोघं कामापुरतंच बोलली. बोल्ट सैल केले, हातोडीनं हलकेच ठोकलं, पुन्हा आवळले. शेवटी पुढेही टक, मागेही टक. अगदी एकसारखं.

"झालं." दादानं खिशातून प्लग काढून पुढे धरला. "लाव. पहिली फळी तूच काप."

"आज नको, दादा. उद्या."

"उद्या तू या खोलीत पाऊल टाकायची नाहीस. ओळखतो मी तुला."

त्याचा हात तसाच पुढे होता, पण ती उभी होती त्या जागेच्या जरा डावीकडे. तिथवर एक पाऊल सरकून प्लग घ्यायला तिला फार वेळ लागला.