बाकी सगळ्यायचं दुसरं

संस्कृती टायपिंगच्या दुकानाची पायरी चढली तेव्हाच सतीशला कळलं, वाशीमच्या स्पर्धेत काहीतरी बिनसलंय. एरवी ती आल्या आल्या बोलायला लागायची. आज तिनं पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि सतीशच्या बायकोनं, धम्मदीपानं, पुढं केलेलं पाणी मुकाट्यानं प्यायली.

केनवड गावातल्या जुन्या विहिरींवर तिनं कॉलेजसाठी प्रकल्प केला होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं केलं होतं आणि मालेगावात येऊन, धम्मदीपाच्या या दुकानात बसून सगळा मजकूर टाइप केला होता. वाशीमच्या स्पर्धेत तो पडद्यावर लागला आणि जोडाक्षरं फुटली. कुठं चौकोन, कुठं नुसत्या वेलांट्या. पहिल्याच पानावर तिचं स्वतःचं नाव फुटलं होतं. परीक्षकांनी वाचून पाहिलं, मग विचारलं, ही कोण बुवा? सभागृह हसलं. पुढं काय बोलायचं ते तिला आठवेना.

सतीशनं खुर्ची ओढली आणि तिला समजावून सांगितलं. चूक तिची नव्हती, इथल्या प्रोग्रामचीही नव्हती. तिथल्या कंप्युटरवर जुने फॉन्ट असणार, शिवाय सगळीकडं चालणारं ते दुसरं सॉफ्टवेअर बाहेरची फाईल धड उघडतच नाही. तो शाळेत शिकवायचा. समजावण्याची त्याला सवय होती. संस्कृतीनं सगळं ऐकून घेतलं.

“तुमचं चांगलंच हाये, सर,” ती म्हणाली. “पन बाकी सगळ्यायचं दुसरं हाये. तुमी आता मले सांगतलं. तिथं मले कोनी इचारलंच नाही.”

पेन ड्राइव्ह उचलून ती बसस्टँडकडं निघून गेली.

दुकानातलं सॉफ्टवेअर जगभरातल्या अनोळखी माणसांनी मिळून लिहिलेलं होतं. ते सतीश कित्येक वर्षं मराठीत आणत होता. शाळा सुटली की बसायचा, एकेका शब्दासाठी अडून राहायचा. त्याला मोफत म्हणायला तो तयार नव्हता. मुक्त म्हणायचा. कोणाची परवानगी नको, कोणापुढं हात पसरणं नको. धम्मदीपाला ते लग्नाआधीपासून पटलेलं होतं, म्हणून तर दुकानातल्या सगळ्या कंप्युटरवर तेच होतं. टायपिंग शिकणाऱ्या पोरी, परीक्षेला ‘ते नेहमीचं’ लागतं म्हणून समोरच्या दुकानात गेल्या, तेव्हाही ती काही बोलली नव्हती.

आज बोलली. बबलूला बोलावलंय, म्हणाली.

सतीशनं तिच्याकडं पाहिलं.

“राग धरू नका,” ती म्हणाली. “उद्या अजून एखाद्या पोरीचं नाव असं फुटलं, तर मले नाही सहन होनार.”

मालेगावात कोणाचाही कंप्युटर अडला की बबलूच यायचा. सगळ्यांचं जे होतं, तेच त्याच्या खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये होतं. तो आल्यावर, याचा परवाना कुठं आहे, असं सतीशनं विचारलं, तर बबलूला आधी प्रश्नच कळला नाही.

“परवाना कोन मांगते, सर?” तो सरळपणानं म्हणाला. “फुकट तर हेही हाये.”

फुकट आणि मुक्त यातला फरक सतीशच्या ओठांवर आला होता. वर्गात, सभांमध्ये, पाहुण्यारावळ्यांत त्याचं किती वेळा सांगून झालं होतं. पण मघाशी सगळं समजावून सांगितल्यावर संस्कृतीच्या चेहऱ्यावर जे होतं, ते त्याला आठवलं. धम्मदीपा दारात पाठमोरी उभी राहून रस्त्याकडं पाहत होती. ती डोळे पुसत असावी, पण त्यानं तिकडं पाहायचं टाळलं.

बबलूनं वायर जोडली.

“पुसून टाकतो आता. यातलं काई ठेवाचं हाये का, सर?”

गिऱ्हाइकांच्या फाईली धम्मदीपानं आधीच काढून घेतल्या होत्या. सतीश पडद्याकडं पाहत राहिला. त्याचं काम त्या मशीनमध्ये नव्हतंच. ते जगात कुठूनही, कोणालाही, केव्हाही घेता येईल असं उघड्यावर पडून होतं.

“नाही,” तो म्हणाला, आणि बबलूला बसायला खुर्ची रिकामी करून दिली.